अपक्ष उमेदवाराची केबलवरची ३० सेकंदांची जाहिरात कमी खर्चात कशी करावी?

तुमचा चुलतभाऊ दापोलीतून विधानसभेला उभा आहे म्हणताय, तर पहिलं म्हणजे स्टुडिओ आणि ड्रोन विसरा. हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळेला जा, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून येणारी एखादी मावशी दाखवा आणि तिलाच बोलू द्या, जेटीबद्दल, बर्फाबद्दल, तिच्या भाषेत, पुस्तकी मराठी नको. उमेदवार तिच्या बाजूला उभा राहून नुसता ऐकताना दिसला तरी पुरे, शेवटी एकच वाक्य बोलायचं. ३० सेकंदात साठेक शब्दच नीट बसतात, त्यामुळे मुद्दा एकच घ्या, रस्ता पाणी जेटी सगळं कोंबलंत तर काहीच लक्षात राहत नाही हो.

समुद्राचा वारा माईकमध्ये घुसतो, म्हणून कॉलरचा माईक लावा आणि त्यावर स्पंज हवाच. खाली मोठ्या अक्षरात बोलणं लिहा. शेवटचे ५ सेकंद चिन्ह आणि मशीनवरचा क्रमांक, पण अपक्षाला चिन्ह अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावरच मिळतं, तेवढी जागा मोकळी ठेवून बाकी एडिट आधीच उरकून घ्या.

आणि हे चुकवू नका, केबलवर लावायच्या किमान ३ दिवस आधी जिल्ह्याच्या एमसीएमसीकडे, म्हणजे निवडणुकीच्या जाहिराती तपासून मंजूर करणाऱ्या कमिटीकडे, जाहिरात आणि तिची लिखित प्रत देऊन मंजुरी घ्यावी लागते, पैसे चेक किंवा डिमांड ड्राफ्टनेच द्यायचे, खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरतात, आणि मतदान संपायच्या आधीचे ४८ तास टीव्हीवर प्रचाराचं काहीच दाखवता येत नाही.