मुंबई ते न्यूयॉर्क : जाताना सोळा तास, येताना कमी का?

प्रश्न : जानेवारीत मी मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहे. तिकिटानुसार विमान मुंबईहून पहाटे २ वाजता सुटून त्याच दिवशी सकाळी ७:३० वाजता न्यूयॉर्कला उतरते. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आणि वेग ताशी ९०० धरला तर चौदा तास लागायला हवेत. मग मुलगी जायला सोळा तास आणि परतीला त्याहून कमी असे का म्हणते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला भागाकार बरोबर आहे, पण ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, जमिनीच्या नव्हे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, ते हिवाळ्यात अधिक तीव्र होतात. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या तुलनेत विमान ८०० नेच पुढे सरकते. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी असल्याने प्रवास साडेचौदा तासांच्या आसपास आटोपतो. शिवाय तिकिटावरील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते आणि वाटेत वळसाही पडू शकतो; म्हणून वारा पाठीशी असूनही परतीचे तास आपल्या चौदाहून थोडे जास्त भरतात.

आता अंतराविषयी. सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क सरळ रेघेने जोडली तर ती वाट सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा : तो पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे आणि आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. आपण लिहिलेले १२,५०० किलोमीटर अंतर या वाटेचे आहे, आणि म्हणूनच विमानातल्या पडद्यावर आपल्याला उत्तरेचा प्रदेश दिसेल.

प्रत्यक्षात वैमानिकाला ही वाट जशीच्या तशी मिळत नाही. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये आपले आकाश भारतीय कंपन्यांना बंद केले. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय संघातील कंपन्यांना बंद झाले. असा वळसा पडला की इंधन आणि वेळ दोन्ही वाढतात, त्यामुळे तिकीट काढताना किलोमीटर न पाहता त्या उड्डाणाचे एकूण तास पाहावेत, असे मी आग्रहाने सुचवीन.

राहिला प्रश्न ७:३० चा. तिकिटावर प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापतात. पहाटे २ नंतर सोळा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असल्याने तिथे तेव्हा सकाळचे ७:३० होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे करतात आणि हा फरक साडेनऊ तासांवर येतो. आपण त्यानंतर परतणार असाल, तर मुलीला फोन करण्याच्या वेळा आणि विमानतळावर पोहोचण्याचा हिशेब नव्या फरकाने करावा.