अटेनमेंट २.७, पण आलेख वाचता येईना

प्रश्न : मी पूर्व उपनगरातल्या एका कॉलेजात बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवते. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) प्रत्येक विषयाची सीओ-पीओ अटेनमेंट शीट भरायची आहे, म्हणजे विषयाची (सीओ) आणि अख्ख्या अभ्यासक्रमाची (पीओ) ठरवलेली उद्दिष्टं मुलांनी किती गाठली याचा तक्ता. आमचा निकष : ७०% मुलांना ४०% गुण मिळाले की लेव्हल ३, म्हणजे सगळ्यात वरची. माझ्या पेपरचं अटेनमेंट २.७ आलं, सगळे खूश. पण याच मुलांना मागणी वक्र (किंमत आणि मागणीचं नातं दाखवणारी आलेखातली रेषा) धड वाचता येत नाही. मग मी मोजलं तरी काय?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : निकाल मोजलात, बाई. ४०% ही पास होण्याची रेषा. तीच निकषात घातली की शीटमधून पासाची टक्केवारीच नवे कपडे घालून बाहेर येते. हा निकष नॅकने लादलेला नाही, कॉलेजने ठरवलाय. तेव्हा तो बदलताही येतो.

आधी तुमचा सीओ बघा. ‘मागणीच्या नियमाची समज येईल’ असं काहीतरी असणार. समज आली की नाही, हे कुठल्या उत्तरावरून कळणार? त्याऐवजी लिहा : ‘किंमत बदलली की इतर घटक, हे प्रसंगावरून ओळखून आलेखात दाखवता येईल.’ मग प्रश्नही तसाच काढावा लागतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात झेंडू महाग होतो आणि तरी जास्त खपतो. किंमत वाढली की मागणी घटते, हा मागणीचा नियम मोडला का? नोट्स पाठ केलेला मुलगा ‘हो, हा अपवाद’ म्हणून मोकळा होतो. ज्याला कळलंय तो ‘इतर परिस्थिती कायम असताना’ ही अट धरतो, सण आल्याने परिस्थितीच बदलली म्हणतो आणि अख्खा वक्र उजवीकडे सरकवतो. ही मागणीतली वृद्धी (वक्रच सरकणं), विस्तार (किंमत उतरल्याने त्याच वक्रावर खाली येणं) नव्हे. व्याख्येला पाचपैकी पाच मिळवणारे इथे किती गळतात ते पाहा.

दुसरी पळवाट आपल्या पेपरातच असते. ‘कोणतेही दोन सोडवा’ म्हटलं की आलेखाचा प्रश्न पोरं हमखास ऑप्शनला टाकतात. मग त्या सीओचं अटेनमेंट फक्त सोडवणाऱ्यांवर निघतं, आणि सोडवतात ते येणारेच. जो सीओ तुम्हाला महत्त्वाचा वाटतो, त्याचा प्रश्न सक्तीचा ठेवा. विद्यापीठाच्या पेपरात ते तुमच्या हातात नाही, अंतर्गत चाचणीत आहे. आणि गुण प्रश्नवार नोंदवा, एकूण बेरजेवरून काहीच कळत नाही.

एक्झिट सर्व्हेबद्दल, म्हणजे ‘शिकलात का?’ असं मुलांनाच विचारणाऱ्या प्रश्नावलीबद्दल, फार बोलत नाही. शेवटच्या लेक्चरला गूगल फॉर्म फिरतो आणि सगळे ‘स्ट्राँगली अॅग्री’ दाबून लोकल पकडायला पळतात. शीटमध्ये त्याला वजन जितकं कमी देता येईल तितकं द्या.

आकडा खाली येईल आणि विभागप्रमुख कुरकुरतील, हे खरं. त्यांना शीटमधला ‘केलेली कार्यवाही’ हा रकाना दाखवा. २.७ पुढे तिथे लिहायला काही नसतं. १.४ असेल तर ‘पुढच्या सत्रात आलेखांची ट्यूटोरियल्स वाढवली’ असं लिहिता येतं, आणि नॅकच्या पीअर टीमने (तपासणी पथकाने) विचारलंच तर त्या ट्यूटोरियलच्या वह्याही पुढे ठेवता येतात.