दुभाष्याचा पगार आरोग्याच्याच खर्चात धरा

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सरकारी बंधपत्राच्या वर्षासाठी मेळघाटातल्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) रुजू झालात, तिथल्या आदिवासींची कोरकू भाषा येत नाही, आणि दुभाष्यासाठी वेगळा निधी मागावा असं तालुक्याच्या बैठकीत बोललात तर "आशाताई आहेत ना, आणि आता सगळ्यांना हिंदी समजतं" असं उत्तर मिळालं. मागणी अवाजवी होती का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नव्हती. मी धारणी तालुक्यात एकोणीस वर्षं काढली, आधी आरोग्य सेविका, मग सहायिका म्हणून. ही मागणी आम्ही तेव्हाच लावून धरायला हवी होती, याची रुखरुख मला आजही आहे.

आधी हिंदीचं बघू. बाजारात मीठ-तेल घेण्यापुरती हिंदी बऱ्याच जणांना येते, पुरुषांना जास्त. पण नुसतं पोट दुखतंय की कळ येऊन पाठीत उतरतेय, हे सांगायला ती पुरत नाही. कोरकू म्हणजे मराठी-हिंदीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची नातलग. त्यामुळे चार महिने कानावर पडली की आपोआप समजेल, असंही होत नाही. २०११च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या आसपास लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली आहे. म्हणजे ही मूठभरांची अडचण नाही.

एक प्रसंग सांगते. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात मी गरोदर बाईला घेऊन गेले होते. हिमोग्लोबिन साडेपाच, पायांवर सूज. मी तिची सोनोग्राफीची चिठ्ठी आणायला गेले आणि परत आले तेव्हा डॉक्टर रक्त चढवण्याबद्दल विचारत होते. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशी चिखलदऱ्याकडच्या, म्हणून त्यांना बोलावलेलं. मावशींनी विचारलं. बाई बराच वेळ बोलली, दाराबाहेर बसलेल्या नवऱ्याकडे हात करून बोलली. मावशींनी डॉक्टरांना सांगितलं, "नाही म्हणते." केस पेपरवर "नकार" लिहायला पेन टेकलंच होतं. मला तोवर कामापुरती कोरकू यायला लागली होती. ती म्हणत होती, हे रक्त माझ्या नवऱ्याच्या अंगातून काढणार का? तो मजुरीला जातो, त्याच्या अंगातली ताकद गेली तर घर कोण चालवणार? दुसऱ्या कुणाचं असेल तर चढवा. दोन मिनिटांत खुलासा झाला आणि तासाभरात पिशवी लागली.

मावशींना मी दोष देत नाही. त्यांची बादली तशीच पडली होती, मुकादम हाका मारत होता. रुग्ण बोलेल ते सगळं, त्याच क्रमाने सांगायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्या कामाचा त्यांना पगारही नव्हता. हे काम वेगळं आहे, शिकावं लागतं, म्हणून त्याला पगार हवा. घरच्यांवर तर ते टाकूच नये. अंगावरून पांढरं जातं हे कुठली आई मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगेल? आईचं मूल पोटातच दगावलंय, हे आईला कोरकूत सांगताना सातवीतल्या मुलीला मी पाहिलंय. ते पुन्हा कुणावर येऊ नये.

आता आशाताई. गावात त्या आहेतच, बहुतेक कोरकूच आहेत, आणि गावात भाषा अडत नाही. अडते ती रुग्णाला मोठ्या दवाखान्यात रेफर केल्यावर. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये घाट. ठराविक मानधन सोडलं तर आशांना कामागणिक मोबदला मिळतो, घरी त्यांचीही लेकरं असतात. रुग्णाला पोचवून त्या परततात. पुढचे आठ दिवस वॉर्डात त्या बाईशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी नसतं. मग एका पहाटे खाट रिकामी दिसते आणि कागदावर "डामा", म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध निघून गेली, असा शेरा लागतो. तिला जेवण कुठे मिळतं, घरची धाकटी कुणाकडे आहे, बुडीत मजुरीचे पैसे मिळतात का, हे विचारायलाच जमलेलं नसतं. एकशे आठची फेरी, खाट, रक्त, डॉक्टरांचा वेळ, सगळा सरकारी खर्च होऊन गेलेला असतो. "औषधालाच पैसे पुरत नाहीत, दुभाषी कुठून आणू" म्हणणाऱ्यांना हा हिशोब दाखवा.

कायद्याची बाजूही भक्कम आहे. फौजदारी खटल्यात आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. १९७३च्या संहितेत कलम २७९ त्यासाठीच होतं. आणि २०१६मध्ये देविका बिस्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीबाबत बजावलं की तपासणी यादीतला मजकूर त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेतच समजावून सांगितला पाहिजे. मेळघाटात ते कोरकूशिवाय होणार कसं? ऑस्ट्रेलियात १९७३पासून फोनवर दुभाषी देणारी सरकारी सेवा आहे आणि डॉक्टरांना ती मोफत वापरता येते. आपल्याकडे डोंगरात रेंज नसते, म्हणून निव्वळ फोनवर विसंबू नका. पण तिथे हा खर्च सरकारचा मानतात, एवढं बैठकीत जरूर सांगा.

मागताना प्रत्येक पीएचसीला माणूस मागू नका, फाइल तिथेच बसेल. धारणीचं उपजिल्हा रुग्णालय आणि अमरावतीतलं स्त्री रुग्णालय या दोनच ठिकाणी तीन पाळ्यांत, रजेची सोय धरून चार-चार जणी मागा. बारावी झालेल्या कोरकू मुली मिळतात. गुप्तता, पूर्ण सांगणं, पदरचा सल्ला न देणं आणि समजलं नाही तर तसं कबूल करणं, एवढं नीट शिकवा. पैशासाठी पीआयपीत, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यात, स्वतंत्र शीर्ष टाकायला सांगा, त्यात केंद्राचा वाटा साठ टक्के असतो. ते मंजूर होईपर्यंत आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आदिवासी उपयोजनेतून मागणी लावा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून एखादी मुलगी तीन महिने ठेवून बघता आली तर फारच छान. पण त्यावर कायमचं थांबू नका, कारण अध्यक्ष बदलले की तो पैसा दुसरीकडे वळतो.

आणि हे उद्याच करा, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही: ओपीडीच्या नोंदवहीत वयाच्या शेजारी एक रकाना आखा, "भाषा". त्याच्या पुढे "कोण बोललं" असा दुसरा. दोन महिने नवरा, मुलगी, ड्रायव्हर, कुणीच नाही, जे असेल ते लिहित जा. त्या पानांच्या झेरॉक्स घेऊन टीएचओंकडे (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे) जा. अर्जाचा मसुदा इथे टाकलात तर मी वाचून दुरुस्त करून देईन.