वाचक विचारतात: कर्जाचा हप्ता, मिसळीचा गल्ला आणि कॉलेजचा वर्ग

प्रश्न: आमच्या कला महाविद्यालयात अर्थसाक्षरतेचा दोन क्रेडिटचा, म्हणजे 30 तासांचा पेपर सुरू झाला आहे. मुलं चक्रवाढ व्याजाची व्याख्या घडाघडा म्हणतात, पण कर्जाचा कागद समोर आला की गडबडतात. सुरुवात कुठून करावी? (प्राध्यापिका, सातारा जिल्हा)

उत्तर: त्या कागदापासूनच. पहिल्या आठवड्यात फळ्यावर हे मांडा: दुचाकीसाठी 1 लाखाचं कर्ज, 24 महिने, ‘12 टक्के फ्लॅट’. दोन वर्षांचं व्याज 24,000, म्हणून हप्ता 5,167 रुपये. खरा व्याजदर किती, असं विचारलंत तर बहुतेक जण 12 म्हणतील. मग स्प्रेडशीटमध्ये ‘रेट’ हे सूत्र लावायला सांगा: हप्ते 24, हप्त्याची रक्कम वजा 5,167, कर्ज 1,00,000. येईल त्याला 12 ने गुणायचं. उत्तर येतं साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. मुद्दल दर महिन्याला फिटत असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेलं असतं, म्हणून हा फरक. 2,000 रुपये प्रोसेसिंग फी आधीच कापून हातात 98,000 पडले, तर दर पावणेचोवीसच्या जवळ जातो. मुलं इथे दोन ठिकाणी हमखास अडकतात. हप्त्याआधी वजाचं चिन्ह घालायचं राहतं आणि सूत्र एरर दाखवतं; किंवा 1.8 टक्के हा महिन्याचा दर पाहून ‘अरे, स्वस्तच आहे की’ म्हणून थांबतात.

यानंतर केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट), म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च मांडणारं पत्रक, वाचायला द्या. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी हे पत्रक देणं बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, त्यात छापलेला असतो. मुलांना घरचे कागद आणायला मात्र सांगू नका. घरच्या कर्जाची वर्गात चर्चा झाली, तर ते मूल पुढच्या तासाला येणार नाही. नावं झाकलेला एखादा नमुना तुम्हीच ठेवा.

ठेवींच्या तासाला एक गोष्ट सुटू देऊ नका. बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. गावात दोन्हींना सर्रास ‘बँक’च म्हणतात, तिथेच फसगत होते.

प्रश्न: उद्योजकता विषयात पाच जणांच्या गटाने दोन दिवस मिसळीचा स्टॉल लावला. 200 प्लेट विकल्या, 40 रुपये दराने 8,000 आले, प्लेटमागे माल 22 रुपयांचा, म्हणून नफा 3,600 दाखवला. पटत नाही, पण चूक नेमकी कुठे आहे? (विभागप्रमुख, वाणिज्य)

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. आधी विचारा, माल किती प्लेटचा भरला होता? समजा 250 चा होता, तर खर्च 5,500 झाला. न खपलेल्या 50 प्लेटचे 1,100 रुपये हिशेबातून गायब आहेत. मग गॅस, टेबलांचं भाडं, टेम्पो, बॅनर. हे सगळं 1,800 धरलं तर हातात उरले फक्त 700. आता पाच जणांची दोन दिवसांची मजुरी माणशी रोज 400 ने लावा: 4,000. म्हणजे 3,300 चा तोटा.

खरा धडा यापुढे आहे. एका प्लेटमागे सुटतात 18 रुपये. खर्च अधिक मजुरी 5,800 भरून निघायला 323 प्लेट विकाव्या लागतात, आणि माल होता 250 चा. म्हणजे एकही प्लेट वाया गेली नसती तरी धंदा तोट्यातच होता. भाव वाढवायचा, मालाचा खर्च उतरवायचा की बॅनर-टेबलांचा खर्च जास्त दिवसांवर पसरायचा, यावर गटाला वाद घालू द्या. बिझनेस प्लॅनच्या रंगीत स्लाइडांपेक्षा या तासात जास्त शिकून होतं.

पुढच्या वेळी गुण नफ्यावर देऊ नका. नफ्यावर दिले की मामा-मावश्या येऊन दहा-दहा प्लेट घेऊन जातात. गुण रोकडवहीवर द्या: सकाळची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, हे संध्याकाळच्या गल्ल्याशी जुळलं पाहिजे. क्यूआर कोड एखाद्या मुलाच्या खात्याचा असेल तर त्याचे स्वतःचे व्यवहार त्यात मिसळतात. म्हणून त्या दोन दिवसांचं स्टेटमेंट वहीला जोडायला लावा. उधारीला वेगळं पान. मित्रांनी फुकट खाल्लेल्या प्लेटही मोजा. त्यांची संख्या पाहून गटच चमकतो.

प्रश्न: एका संस्थेने कॉलेजात आभासी पैशांची शेअर ट्रेडिंग स्पर्धा घ्यायची तयारी दाखवली आहे. घ्यावी का? (प्राचार्य)

उत्तर: आमचं मत, नको. चार आठवड्यांच्या स्पर्धेत जिंकतो तो सगळी रक्कम एकाच डावावर लावणारा, आणि मुलांच्या डोक्यात तेच बसतं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर वा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांमध्ये, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात होते. तोच तास या आकड्यावर घ्या.

बाहेरचा वक्ता हवा असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या वित्तीय साक्षरता केंद्राकडे विचारा. कोणीही आलं तरी अट आधीच लेखी कळवा: माहितीपत्रकं वाटायची नाहीत, मुलांचे फोन नंबर गोळा करायचे नाहीत आणि वर्गात कोणाचंही डीमॅट खातं उघडायचं नाही.