होलारचं नाव असलेलं जुन्या चर्चचं चित्र: मूळ छाप की नक्कल?

तुमच्या आत्याकडून आलेल्या चौकटीत लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचं काळं-पांढरं चित्र आहे, खाली सतराव्या शतकातला चित्रं कोरणारा कलाकार होलार याचं नाव आणि 1656 साल आहे. पण चर्चला घुमटच नाही, मग चित्र चुकीचं आहे का, आणि ते खरंच जुनं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

घुमट नाही ते बरोबरच आहे. घुमटाचं चर्च क्रिस्टोफर रेननं नंतर बांधलं. त्याआधी तिथं मध्ययुगातलं प्रचंड कॅथीड्रल उभं होतं. त्याच्या मनोऱ्याचं टोक 1561 मध्ये वीज पडून जळालं, इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात आत घोडे बांधले गेले आणि 1666 मध्ये लंडनला लागलेल्या मोठ्या आगीत उरलंसुरलं सगळं गेलं. त्याच्या आठच वर्षं आधी, 1658 मध्ये, विल्यम डगडेल यांचा या चर्चवरचा ग्रंथ निघाला. त्यातली चित्रं वेन्सेस्लास होलारची. जुनं सेंट पॉल्स आतून कसं दिसायचं हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः या चित्रांमुळे. एका चित्रावर त्यानं लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की रोज कोसळायच्या बेतात असलेल्या या चर्चची आठवण, त्याचं चित्र काढणाऱ्या बोहेमियाच्या (आजच्या चेक देशातल्या) होलारनं अशी जपली. हे वाचताना मला अजूनही भरून येतं, कारण आग लागायच्या कितीतरी आधी त्याला या इमारतीची काळजी लागली होती.

होलारचा जन्म 1607 चा, प्रागचा. अरुंडेलचा अर्ल या इंग्रज सरदाराबरोबर तो लंडनला आला, युद्धामुळे 1644 मध्ये अँटवर्पला गेला आणि 1652 च्या सुमारास परतला. आयुष्यात त्यानं 2,700 च्या आसपास चित्रं कोरली, तरी 1677 मध्ये गेला तो गरिबीतच. अँटवर्पला असताना, 1647 मध्ये, त्यानं टेम्सच्या दक्षिण काठावरून दिसणारं लंडनचं लांबलचक दृश्य छापलं. त्यात ग्लोब नाट्यगृह आणि शेजारचा अस्वलांच्या झुंजींचा आखाडा यांच्या नावांची अदलाबदल झाली आहे. म्हणून अशा चित्रातली इमारत आणि तिच्यावरचं नाव, दोन्ही वेगवेगळं तपासावं.

आता तुमचं चित्र. एक भिंग घ्या. रेषांऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची छपाई, विषय संपला. रेषा सलग असतील तर त्यांची टोकं बघा. होलारचं काम एचिंगचं: तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, तो सुईनं खरवडून चित्र काढायचं, मग पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. जिथं मेण गेलं तिथं ॲसिड तांबं खातं. सुई मेणावरून सहज फिरते, त्यामुळे रेषा मोकळी, साधारण एकाच जाडीची आणि टोकाला बोथट असते. एनग्रेव्हिंगमध्ये पोलादी हत्यार थेट तांब्यात ढकलतात, म्हणून ती रेषा मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होते. काही कलाकार एकाच पत्र्यावर दोन्ही पद्धती वापरत, तेव्हा एका रेषेवरून निकाल देऊ नका.

चित्राच्या चारही बाजूंना कागद किंचित दबलेला दिसतो का? दाबयंत्रातून जाताना पत्र्याची कड ओल्या कागदात रुतते, त्याची ती खूण. समास कापलेला असेल तर ती नसेल, आणि खोटी उठवलेलीही असू शकते. कागद उजेडासमोर धरल्यावर समांतर बारीक रेषांचं जाळं दिसायला हवं. सगळीकडे एकसारखा, गुळगुळीत कागद अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचा, म्हणजे होलारच्या हयातीतला नव्हे.

आणखी एक अडचण आहे. तांबं मऊ असतं, प्रत्येक छापागणिक पत्रा झिजतो आणि काळोखाच्या जागा करड्या पडत जातात. त्यात डगडेलच्या ग्रंथाच्या 1818 च्या आवृत्तीसाठी दृश्यं नव्यानं कोरली गेली, तेव्हा चर्च जुळलं म्हणजे पत्रा होलारचाच असं धरू नका. टोरांटो विद्यापीठाच्या ग्रंथालयानं होलारची चित्रं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. तुमच्या चित्राची मोजमापं घ्या, खालची अक्षरं अगदी जशीच्या तशी उतरवा आणि तिथल्या चित्राशी ओळ न् ओळ ताडून पाहा.

कागद उजेडासमोर धरण्यासाठी किंवा मोजमापांसाठी चौकट मात्र स्वतः उघडू नका. जुना कागद काचेला किंवा मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेला असतो आणि ओढला की फाटतो. कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडूनच ती सोडवून घ्या, आणि तोवर भिंतीवर ऊन येत असेल तर चित्र तिथून हलवा.