वाचकांचे प्रश्न : मोतीबिंदूनंतर कुठली लेन्स?

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या बऱ्याच पत्रांत यावेळी एकच विचारणा आहे, ‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायला सगळ्यात चांगली लेन्स कुठली?’ आमचं सगळ्यांना सांगणं असं की लेन्सचं नाव ठरवण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. तुमचं दिवसभराचं काम डोळ्यापासून किती अंतरावर चालतं ही एक, आणि डोळ्याची मापं किती काळजीनं घेतली ही दुसरी. निवडक प्रश्नांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : आई 61 वर्षांची आहे. कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, अजून विड्या वळते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शुगर आहे. डॉक्टरांनी साधी मोनोफोकल किंवा महाग ट्रायफोकल असे पर्याय दिलेत. मामा म्हणतात, एकदाच होतंय तर भारीतली घाला. काय करावं?

मामांची माया कळते, पण तुमच्या आईंसाठी आम्ही मोनोफोकलच सुचवू. ट्रायफोकल लेन्सवर बारीक गोल कडी असतात. त्यांच्यामुळे डोळ्यात आलेला प्रकाश लांबचं, मधलं (60 ते 80 सेंटिमीटर) आणि जवळचं (साधारण 40 सेंटिमीटर) अशा तीन ठिकाणी वाटला जातो. प्रत्येक ठिकाणी कमी प्रकाश पोचतो, म्हणून मंद उजेडात चित्र फिकं पडतं. ज्यांचा डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) निरोगी आहे आणि कामाच्या जागी भरपूर उजेड आहे, त्यांना ही लेन्स छान मानवते. शुगरमुळे पडद्यावर आधीच परिणाम झाला असेल, किंवा पुढे झाला, तर एकीकडे पडदा कमी टिपणार आणि दुसरीकडे लेन्स प्रकाश वाटून टाकणार. हे नुकसान चष्म्यानं भरून निघत नाही.

म्हणून आधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या आणि मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, ओसीटी स्कॅन (प्रकाशानं पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) करा. सूज दिसली तर आधी तिच्यावर उपचार, मग ऑपरेशन. शुगर आटोक्यात नसताना घाई केली तर ऑपरेशननंतर मॅक्युलाला सूज येण्याचा धोका वाढतो.

आता मोनोफोकल घ्यायची म्हटलं तरी एक निवड उरतेच, आणि ती बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. मोनोफोकल एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते, पण ते अंतर कुठलं हे आधी ठरवता येतं. शिंप्याची टेप घ्या. आई नेहमीसारख्या सूप मांडीवर घेऊन बसल्या, पानात तंबाखू भरून विडी वळून दोरा गुंडाळायला लागल्या, की डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर मोजा. 100 ला त्या सेंटिमीटरनी भागा. 50 सेंटिमीटर आलं तर मायनस 2, 40 आलं तर मायनस 2.5 इतका नंबर मुद्दाम शिल्लक ठेवायला डॉक्टरांना सांगता येतं. मग विडीचं काम चष्म्याशिवाय होईल आणि बसचा बोर्ड वाचायला चष्मा लागेल. उलट लांबचं चष्म्याविना हवं असेल तर नंबर शून्याच्या आसपास ठेवायचा आणि विडीसाठी प्लस 2 ते 2.5 चा चष्मा वापरायचा. दिवसातले सात-आठ तास ज्यांचं काम हातातच असतं, त्यांनी पहिल्या पर्यायाचा विचार जरूर करावा. मात्र आजवर लांबचं चष्म्याशिवाय स्पष्ट दिसत आलं असेल, तर हा बदल अनेकांना जड जातो. आईंनाच विचारा, त्यांच्या वतीनं घरच्यांनी ठरवू नका. दोन्ही डोळ्यांचा विचार एकदमच करा. एका डोळ्यात शून्य आणि दुसऱ्यात मायनस 3 असं झालं, तर चष्म्यातून दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत.

खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली लेन्ससह ऑपरेशन मोफत होतं. हा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. तिथंही मापं घेताना अंतराचं हे बोलणं करता येतं.

प्रश्न : चष्म्यात सिलिंडरचा नंबर 2 आहे. टोरिक लेन्स घ्यावीच लागेल म्हणतात. खरंच गरज आहे का?

टोरिक म्हणजे सिलिंडरचा नंबर भरून काढणारी लेन्स. ती घ्यायची की नाही हे चष्म्यातला सिलिंडर बघून ठरवू नका. त्या नंबरातला काही भाग बुबुळाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, कॉर्नियाच्या) वाकड्या गोलाईचा असतो, काही आतल्या मोतीबिंदू झालेल्या लेन्सचा. ती लेन्स तर ऑपरेशनमध्ये निघूनच जाणार. म्हणून केरॅटोमेट्रीचा, म्हणजे बुबुळाची गोलाई मोजल्याचा, कागद मागा. त्यावर के-1 आणि के-2 असे दोन आकडे असतात, त्यांच्यातला फरक हा बुबुळाचा सिलिंडर. तो साधारण 1 ते 1.25 च्या पुढे असेल तर टोरिकचा चांगला फायदा होतो. अर्ध्याच्या आसपास असेल तर जादा पैसे वाचवा.

टोरिकमध्ये चूक होते ती अक्षाची, म्हणजे लेन्स ज्या दिशेला बसवायची त्या दिशेची. लेन्स ठरलेल्या अक्षापासून एक अंश फिरली की तिचा सुमारे 3.3 टक्के परिणाम जातो. म्हणजे 10 अंशांना तिसरा हिस्सा गेला, 30 अंशांना काहीच उरलं नाही, आणि त्यापुढे सिलिंडर उलट वाढतो. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो, म्हणून अक्षाच्या खुणा रुग्णाला सरळ बसवून करायच्या असतात. लेन्स फिरते ती बहुधा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत. ऑपरेशननंतर लांबचं तिरपं किंवा दुहेरी सावलीसारखं दिसलं तर गप्प बसू नका. बाहुली मोठी करून अक्ष तपासता येतो आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत लेन्स फिरवून जागेवर आणणं सोपं असतं.

आपल्याकडे ऊन आणि धूळ दोन्ही भरपूर, त्यामुळे डोळ्यात मांस वाढलेले रुग्ण बरेच असतात. ते मांस बुबुळावर चढलं की बुबुळ ओढलं जातं आणि सिलिंडर खोटा वाढलेला दिसतो. अशा वेळी आधी मांस काढायचं, निदान महिना-दोन महिने थांबायचं, पुन्हा मापं घ्यायची आणि मग लेन्सचं ठरवायचं.

प्रश्न : मी सोलापूर-हैदराबाद ट्रक चालवतो, निम्मं काम रात्रीचं. मल्टिफोकल चालेल का?

नको. मल्टिफोकल म्हणजे ट्रायफोकलसारखी, एकाहून जास्त अंतरांवर दाखवणारी लेन्स. समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी आणि फाटे दिसण्याची तक्रार या लेन्समध्ये सगळ्यात जास्त. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते, पण काहींना होत नाही, आणि रात्री महामार्गावर ते परवडणारं नाही. दोन्ही डोळ्यांत लांबच्या नंबरची मोनोफोकल घ्या, वाचायला चष्मा ठेवा. डॅशबोर्डही चष्म्याविना हवा असेल तर ईडॉफ (स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढवणारी) किंवा सुधारित मोनोफोकल लेन्सबद्दल विचारा. ईडॉफनं मधल्या अंतराचं बरं दिसतं, बारीक अक्षरांना मात्र चष्मा लागतो. थोडी कडी तिच्यातही दिसू शकतात, तेवढं ऐकून घेऊन ठरवा.

प्रश्न : वडिलांचं ऑपरेशन झालं. लांबचा चष्मा लागणार नाही म्हणाले होते, पण मायनस 1.75 नंबर आला. लेन्स खराब निघाली का?

लेन्स खराब असणं फार दुर्मिळ. बहुतेक वेळा गडबड मापांत असते. बुबुळापासून पडद्यापर्यंत डोळ्याची लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर. ती मोजताना 1 मिलिमीटर चुकलं तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीननं चुकतो. सोनोग्राफीच्या साध्या मशीनची कांडी बुबुळाला टेकवून माप घेतात. हात थोडा जड पडला की बुबुळ दबतं, डोळा आखूड मोजला जातो, म्हणून जास्त पॉवरची लेन्स निवडली जाते आणि मायनस नंबर येतो. प्रकाशानं मोजणाऱ्या ऑप्टिकल बायोमेट्रीत डोळ्याला काही टेकतच नाही, म्हणून ते माप जास्त भरवशाचं. पण मोतीबिंदू फार दाट असेल तर प्रकाश आरपार जात नाही, तिथं सोनोग्राफीच करावी लागते.

दुसरं कारण लेन्सच्या जागेचं. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिची मागची बाजू फाटली आणि लेन्स पिशवीच्या पुढे बसवावी लागली, तर ती थोडी कमी पॉवरची घालायची असते. तसं केलं नाही की मायनस येतो. डिस्चार्जच्या कागदावर हे लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

पॉवर चुकणं या शास्त्राच्या जन्मापासूनचं आहे. हॅरॉल्ड रिडले यांनी 1949 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तेव्हा रुग्णाला मोठा मायनस नंबर आला होता.

आता काय करायचं? चार ते सहा आठवडे थांबा, नंबर दोनदा तपासून घ्या. 1.75 साठी चष्मा हा साधा आणि सुरक्षित उपाय आहे. वडिलांना जवळचं वाचता येत असेल तर कदाचित ते खूशही असतील. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मात्र पहिल्या डोळ्याचा हा निकाल डॉक्टरांना दाखवा, गणित करताना तो उपयोगी पडतो. दोन्ही डोळ्यांच्या लांबीत 0.3 मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा निवडलेल्या पॉवरमध्ये 1 पेक्षा जास्त फरक दिसला, तर मापं पुन्हा घ्यायला सांगा. असं सांगण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे.

लेसिक (चष्मा घालवण्यासाठी लेसरनं केलेलं ऑपरेशन) झालेल्यांना एक वेगळी सूचना. त्यांच्यात चूक उलट दिशेनं होते. मायनस नंबरच्या लेसिकनं बुबुळाची पुढची बाजू सपाट होते, पण मशीन मागची बाजू जुन्याच हिशेबानं धरतं, त्यामुळे कमी पॉवरची लेन्स निवडली जाते आणि प्लस नंबर येतो. यासाठी बॅरेट ट्रू-के सारखी वेगळी सूत्रं आहेत. लेसिकची जुनी फाइल सापडली तर घेऊन जा, आणि फाइल नसली तरी लेसिक झाल्याचं सांगा.

प्रश्न : मापं घेण्याआधी आणि ऑपरेशनआधी काय सांभाळायचं?

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ असल्यास एक ते दोन आठवडे, कडक असल्यास किमान तीन आठवडे आधी बंद करा. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार घ्या, कोरड्या बुबुळावर के-चे आकडे दर वेळी वेगळे येतात.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी कधी घेतलं असेल, तर ते आठवणीनं सांगा. या औषधानं बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो आणि ऑपरेशन चालू असतानाच बाहुली आक्रसते. हा धोका 2005 पासून माहीत आहे. गोळी बंद केली तरी परिणाम पूर्ण जात नाही, पण सर्जनला आधी कळलं तर तो तयारीनं उतरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनानं बंद करू नका.

प्रश्न : मोतीबिंदू पिकू द्यावा का? आणि उन्हाळ्यात ऑपरेशन टाळावं का?

दोन्हींचं उत्तर नाही. पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाला सूज येते. फार पिकला तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो. कामात अडचण यायला लागली की वेळ झाली. ऋतूचा संबंध फक्त नंतरच्या काळजीशी आहे. मे महिन्यात घाम डोळ्यात जातो, म्हणून कपाळ पुसत राहा. जानेवारीत ऑपरेशन झालं असेल तर पहिले दोन आठवडे गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत आणि धुळीत जाऊ नका. डोकं धुताना डोळ्यात पाणी जाता कामा नये आणि झोपताना शील्ड लावायची. डोळा दुखायला लागला, लाल झाला आणि दिसणं कमी होत गेलं, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्गात तासांनी फरक पडतो.

प्रश्न : लेन्स किती वर्षं टिकते?

आयुष्यभर. दोन-चार वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं, तर बहुधा लेन्समागच्या पिशवीवर जाळी आलेली असते. याग लेसरनं ती काही मिनिटांत उघडतात, भरती व्हावं लागत नाही. चौकोनी कडेच्या हायड्रोफोबिक ॲक्रिलिक लेन्समध्ये जाळी कमी येते, त्यामुळे निवडीला वाव असेल तर आम्ही मल्टिफोकलच्या आधी या गुणासाठी पैसे मोजायला सांगू. लेन्सच्या डबीत मॉडेल, पॉवर आणि अनुक्रमांक छापलेले स्टिकर असतात. त्यातलं एक आपल्या फाइलवर लावून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.