सासूबाईंना भ्रम भुलेमुळे झाला का?

प्रश्न : माझ्या सासूबाई (वय ७९) न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुबा मोडला. मंगळवारी दाखल केलं, ऑपरेशन शुक्रवारी झालं. मधल्या दिवसांत बेडपॅन द्यायला कुशीवर वळवलं तरी त्या किंचाळायच्या. भूलतज्ज्ञांनी जांघेत नस बधिर करणारं इंजेक्शन सुचवलं होतं, पण दीर म्हणाले, या वयात आणखी सुया कशाला. ऑपरेशन पूर्ण भुलेखाली झालं. नंतर दोन रात्री त्या मला ओळखत नव्हत्या, वारलेल्या सासऱ्यांना हाका मारत होत्या. घरात सगळे म्हणतात, कमरेतून भूल दिली असती तर हे झालं नसतं. दिवाळीनंतर माझ्या आईचा गुडघा बदलायचा आहे, म्हणून धास्ती वाटते.
– एक वाचक, फलटण

उत्तर : ताई, पूर्ण भुलेवर खापर फोडू नका. नेमकी हीच शंका तपासायला अमेरिका आणि कॅनडात खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना कमरेतून भूल, निम्म्यांना पूर्ण. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : भ्रम दोन्हीकडे सारखाच, साधारण पाचात एकाला. दोन महिन्यांनी चालू शकणाऱ्यांतही फरक नव्हता. पुढच्याच वर्षी चीनमधल्या ९५० वृद्धांवरच्या अभ्यासातही भुलेच्या प्रकाराने भ्रमात फरक पडलेला दिसला नाही.

मला तुमच्या पत्रातलं बेडपॅनचं वाक्य जास्त लागलं. खुबा मोडलेलं माणूस निपचित पडलेलं असताना ‘बरं आहे’ म्हणतं, वळवलं की जीव जातो. राऊंडला कुणी हलवून बघत नाही, म्हणून केसपेपरवर दुखणं कमीच दिसतं. इकडे रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पॅन लागू नये म्हणून पाणीसुद्धा नको. न शमवलेलं दुखणं हे म्हाताऱ्या माणसांच्या भ्रमाचं मोठं कारण आहे, आणि ते भूल देण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

ते जांघेतलं इंजेक्शन म्हणजे नर्व्ह ब्लॉक. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत आम्ही स्नायूवरच्या पातळ पडद्याखाली बधिरतेचं औषध सोडतो. अर्ध्या तासात पाय हलवता येण्याइतका आराम पडतो, तो काही तास टिकतो. बारीक नळी ठेवली तर पुढेही औषध देता येतं. २०१८ पासून ‘पेंग ब्लॉक’ नावाची नवी पद्धत आली आहे. तिच्यात खुब्याच्या सांध्याच्या पुढच्या बाजूला जाणाऱ्या बारीक नसाच बधिर होतात, मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते. खुब्याच्या फ्रॅक्चरमधल्या ब्लॉकवरच्या ४९ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा कोक्रेन या संस्थेचा आढावा २०२० मध्ये आला. हलवतानाचं दुखणं तर कमी झालंच, भ्रमही कमी झाला. शिवाय कमरेतून भूल द्यायची तरी आधी बसवावं किंवा कुशीवर वळवावं लागतंच, तेही ब्लॉकमुळे सुसह्य होतं. माझं स्पष्ट मत आहे : हा ब्लॉक दाखल केल्या दिवशीच मिळायला हवा, ऑपरेशनची वाट बघत नव्हे.

दिरांना दोष देऊ नका. ‘आणखी एक सुई’ एवढंच कानावर पडलं तर कुणीही नाहीच म्हणेल. ती कशासाठी, हे बसून समजावणं आमचं काम आहे.

वेदनाशामकांची अनेकांना भीती वाटते, ती मात्र अगदीच खोटी नाही. डायक्लोफेनॅकसारखी औषधं म्हाताऱ्या किडनीला जड जातात, ट्रामाडॉलने काहींना गुंगी येते, भ्रमही होतो. म्हणून ठरलेल्या वेळांना पॅरासिटामॉल, जोडीला ब्लॉक आणि तेवढ्याने भागलं नाही तरच थोडं मॉर्फिन, असा क्रम मी धरते.

आता आईचं. गुडघ्यासाठी ‘ॲडक्टर कॅनाल ब्लॉक’ (मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्याकडे जाणारी नस बधिर करणं) मिळेल का, हे आधीच विचारा. त्यात मांडीचा जोर फारसा जात नाही, त्यामुळे लवकर उभं करता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही, हा नियम आता मागे पडला आहे. बहुतेकांना साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, पण वेळ भूलतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या. चष्मा आणि कानाचं यंत्र शुद्धीवर आल्याबरोबर परत लावा, आणि पहिल्या रात्री उशाशी घरचंच माणूस असू द्या.

सासूबाई आता नेहमीसारख्या बोलत असतील तर काळजी नाही. अजूनही नावं, वेळा विसरत असतील, तर वयावर ढकलू नका, फिजिशियनना दाखवा.